ख्रिस्ती जीवनात विश्वास म्हणजे फक्त ‘देव आहे’ असं मानणं का?

नाही, तेवढंच असतं तर सोपं होतं. बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात (२:१९) सरळ टोमणाच आहे: देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथरतात! म्हणजे मानणं वेगळं, भरवसा टाकणं वेगळं.

मी हिंदू, पण म्हापशात सगळं आयुष्य ख्रिस्ती शेजारात गेलं. गोव्यातले कॅथलिक श्रद्धेला कोंकणीत ‘भावार्थ’ म्हणतात. आपल्या मराठीत भावार्थ म्हणजे कवितेखाली लिहितो तो, म्हणून लहानपणी माझा फार गोंधळ व्हायचा.

शेजारच्या आंटीचा मुलगा बोटीवर आहे. ती रोज संध्याकाळी वाटेवरच्या खुरसाजवळ (म्हणजे क्रुसाजवळ) मेणबत्ती लावते. पावसात विझली की पदराआड धरून पुन्हा लावते. एकदा विचारलं, यानं वादळ टळतं का? म्हणाली, “तें हांव नेणा. पूण तो थंय एकटो ना.” म्हणजे, ते मला ठाऊक नाही, पण तो तिथं एकटा नाही. हमी मागायची नाही, पण सोबत आहे हे धरून चालायचं. ही व्याख्या मला तरी पुस्तकातल्या व्याख्यांपेक्षा जास्त पटते.

शंका आली म्हणजे विश्वास संपला असंही नाही. मार्कच्या शुभवर्तमानात (९:२४) आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. एका दमात दोन्ही! आणि तरी मुलगा बरा होतो.

बाकी कृतीशिवाय विश्वास मेलेला, हेही याकोबच सांगतो (२:१७). आंटी खुरसाकडून परतताना रोज पलीकडच्या म्हाताऱ्याला पेज देऊन येते.