माळावरचं मारवेल गवत नेमकं कसं ओळखायचं?
आधी पेरं बघा, मारवेलच्या (डायकँथियम अ‍ॅन्युलेटम) पेरांवर पांढऱ्या केसांचं कडं असतं, पण तेवढ्यावर थांबू नका कारण बोथ्रिओक्लोआ या मारवेलसारख्याच दिसणाऱ्या गवतांच्या वंशातल्या काही जातींनाही तसे केस असतात. तुऱ्याला टोकाशी एकमेकांजवळ फुटलेल्या बोटांसारख्या फांद्या, त्यांवर जोडीजोडीने कणसुलं (गवताच्या फुलांचे बारीक झुबके), एक बिनदांडीचं कुसळवालं, दुसरं दांडीवर आणि बिनकुसळाचं. खरी खूण त्या दांडीत आहे, भिंगाखाली उजेडासमोर धरा, मधोमध पारदर्शक रेघ दिसली तर बोथ्रिओक्लोआ, नाही दिसली तर मारवेलचा वंश. तुऱ्याखालचा दांडा केसाळ असेल तर बहुतेक डायकँथियम अ‍ॅरिस्टेटम, म्हणजे त्याच वंशातली दुसरी जात. मारवेल बहुवर्षायू आहे, चारा म्हणून फार मोलाचं, तेव्हा मुळासकट उपटू नका प्लीज, एक तुरा पुरतो.