जुन्या एअरगनची फेरजुळणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या काकांची जुनी जर्मन डायना २७ एअरगन आमच्या घरी बरीच वर्षे माळ्यावर पडून होती. या वर्षी पावसाळ्याआधी मी ती पूर्ण उघडली, गंज काढला आणि ग्रीस लावले. जुळवताना चापाच्या भागातील तीन पोलादी गोळ्यांपैकी एक हरवली, म्हणून सायकलच्या दुकानातून तशीच दिसणारी गोळी आणून बसवली. स्प्रिंग थकली असावी असे वाटून नवी, थोडी लांब स्प्रिंगही घातली. आता नळी पूर्ण खाली येते, पण खटका बसत नाही आणि हात सैल केला की नळी जोराने वर येते. उघडण्यापूर्वी बंदूक व्यवस्थित चालत होती. ओळखीच्या एका फिटरने खटक्याचा भाग कानशीने थोडा घासून पाहू, असे सुचवले आहे. तसे करावे का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : कृपया कानस लावू देऊ नका, आणि हे उत्तर वाचून होईपर्यंत बंदूक पुन्हा ताणूनही पाहू नका. खटका न धरणाऱ्या बंदुकीची नळी हातातून निसटली, तर ती इतक्या वेगाने वर येते की छर्रा बसवण्याच्या जागी बोट असल्यास ते तुटू शकते. शिवाय नळी वाकते आणि दस्ता बिजागरीजवळ चिरतो. वाकलेली नळी सरळ होते, पण पूर्वीसारखी नेमकी क्वचितच होते.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य ‘उघडण्यापूर्वी बंदूक व्यवस्थित चालत होती’ हे आहे. पोलादाचे भाग माळ्यावर पडून झिजत नाहीत आणि एका दुपारच्या साफसफाईनेही झिजत नाहीत. त्यामुळे चालणारी बंदूक उघडल्यानंतर चालेनाशी झाली, तर दोष जुळणीत किंवा नव्याने घातलेल्या वस्तूत शोधायचा असतो, जुन्या भागांत नव्हे. आपण दोन वस्तू नव्या घातल्या आहेत आणि माझा संशय त्या दोन्हींवर आहे.

आधी गोळीचे पाहू. नळी खाली ओढली की आतील पिस्टन, म्हणजे हवा दाबणारा दट्ट्या, स्प्रिंग दाबत मागे येतो आणि खटका त्याला तिथे अडकवून धरतो. या बंदुकीचा खटका साध्या दाताचा नाही. पिस्टनच्या मागे एक दांडा असतो आणि त्याच्या टोकाजवळ गोल खाच असते. हा दांडा चापाच्या भागातील एका छोट्या नळकांड्यात शिरतो. नळकांड्याला तीन भोके असून प्रत्येक भोकात एक गोळी बसते, आणि त्यावर दुसरे, बाहेरचे नळकांडे सरकते. बाहेरचे नळकांडे जागेवर आले की तिन्ही गोळ्या आत दाबल्या जाऊन दांड्याच्या खाचेत उतरतात व पिस्टन अडकतो. चाप ओढल्यावर ते सरकते, गोळ्यांना बाहेर पडायला वाव मिळतो आणि पिस्टन सुटतो. म्हणजेच स्प्रिंगचा सगळा जोर तीन गोळ्यांवर सारखा वाटला जातो. ही रचना मला फार आवडते, कारण तिच्यात झिजणारी धार जवळजवळ नाही. पण ती चालायची तर तिन्ही गोळ्या एकाच मापाच्या असायला हव्यात. एक गोळी किंचितही मोठी असेल, तर बाहेरचे नळकांडे पूर्ण सरकत नाही आणि खटका कधीच बसत नाही. आपल्या बंदुकीचे लक्षण नेमके हेच आहे. गोळी लहान असती तर खटका कदाचित बसला असता, पण भार दोनच गोळ्यांवर आला असता, आणि ते अधिक धोक्याचे आहे, कारण तशी बंदूक धक्क्याने सुटू शकते.

सायकलच्या हबमध्ये साधारणपणे ३/१६ किंवा १/४ इंचाच्या गोळ्या असतात, म्हणजे ४.७६ आणि ६.३५ मिलिमीटरच्या. त्या चांगल्या पोलादाच्या असतात, परंतु ‘तशीच दिसणारी’ हे माप नव्हे. उरलेल्या दोन मूळ गोळ्या मायक्रोमीटरने मोजा आणि त्या मापाच्या तीन नव्या गोळ्या बेअरिंगच्या दुकानातून एकदमच घ्या. घरी मायक्रोमीटर नसेल, तर वागळे इस्टेटमधील कोणताही लेथवाला दोन मिनिटांत मोजून देईल. जुन्या दोन आणि नवी एक असे मिश्रण करू नका. तीन गोळ्यांची किंमत इतकी थोडी असते की तिथे काटकसरीला अर्थ नाही.

स्प्रिंगचे कारण वेगळे आहे, आणि गोळी बदलूनही खटका बसला नाही तर तेच खरे ठरेल. खटका बसण्यासाठी पिस्टन पूर्ण मागे यावा लागतो. स्प्रिंगचे वेढे त्याआधीच एकमेकांना टेकले, तर ती पोलादाच्या भरीव नळीसारखी होते आणि पिस्टन काही मिलिमीटर आधीच थांबतो. हे कागदावर तपासता येते. वेढे मोजा आणि त्यांना तारेच्या जाडीने गुणा. उदाहरणार्थ, ३३ वेढे आणि ३ मिलिमीटर तार असेल, तर पूर्ण दाबलेली स्प्रिंग ९९ मिलिमीटरपेक्षा लहान होऊच शकत नाही. हाच हिशोब जुन्या स्प्रिंगचा करून पाहा. नव्या स्प्रिंगचा आकडा मोठा आला, तर ती आपल्या बंदुकीची नाही. जुनी स्प्रिंग सपाट काचेवर लोळवून बघा. ती वाकडी नसेल, तिला तडा नसेल आणि ती नव्या स्प्रिंगपेक्षा थोडीच आखूड झाली असेल, तर मी निःशंकपणे तीच परत घालेन. जास्त जोराच्या स्प्रिंगने ही बंदूक अधिक चांगली होत नाही, फक्त अधिक हादरते. त्यातच शस्त्र नियम, २०१६ नुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेची किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीची एअरगन परवान्याच्या कक्षेत येते, हेही ध्यानात ठेवावे.

आता जुळणीबद्दल. चापाचा भाग बंदुकीत घालण्यापूर्वी तो टेबलावर तपासा. आतल्या नळकांड्याच्या भोकांत घट्ट ग्रीस भरा आणि चिमट्याने तिन्ही गोळ्या त्यात चिकटवा, म्हणजे त्या ओघळणार नाहीत. पिस्टनचा दांडा आत घाला आणि बाहेरचे नळकांडे त्यावर हाताने सरकवा. ते अडखळल्याशिवाय सरकले आणि त्यानंतर दांडा ओढूनही निघाला नाही, तर हा भाग निर्दोष आहे. ते मागे घेताच दांडा मोकळा झाला पाहिजे. टेबलावर हे होत नसेल, तर बंदुकीत ते कधीच होणार नाही.

नंतर नळकांड्यांवरील खाचा चापाच्या आणि आडव्या पिनांच्या बाजूला आल्या आहेत याची खात्री करा, कारण थोडे फिरलेले नळकांडे वरून दिसत नाही. बंदूक लांब क्लॅम्पमध्ये सरळ धरून, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून, मागचा भाग सावकाश दाबत न्या. भोके जुळली की पिना हाताच्या जोराने आत जातात. हातोडी लागली, तर काहीतरी जुळलेले नाही असे समजून थांबा. क्लॅम्पऐवजी छातीने दाबून पिन घालणारे लोक मी पाहिले आहेत. कृपया तसे करू नका, दाबलेली स्प्रिंग निसटली तर तिच्यापुढे छाती नसावी. शेवटी चापाजवळचा स्क्रू, जो चाप हलका-जड करतो, तो उघडताना आपण फिरवला असेल, तर एकेक पाव वेढा मागे घेत जा. तो जास्त आत असल्यानेही खटका धरत नाही.

फिटरच्या सल्ल्याचे मला वाईट का वाटते, तेही सांगतो. अनेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बंदुकीचा खटका मीच कानशीने घासला होता. कडक केलेल्या पोलादाचा वरचा थर गेला, आणि महिन्याभराने ती बंदूक नुसती नळी बंद करताच सुटू लागली. छर्रा भिंतीत गेला म्हणून निभावले.

सुटे भाग मागवताना एक काळजी घ्या. डायना हे नाव दोन ठिकाणच्या बंदुकांवर आढळते. जर्मनीतील रास्टाट येथील मायर उंड ग्रामेल्सपाखर हा मूळ कारखाना. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील यंत्रसामग्री स्कॉटलंडमधील मिलब्रो या कंपनीकडे गेली आणि तिनेही डायना नावाने बंदुका काढल्या. दोन्हींवर २७ हाच आकडा असला, तरी भाग एकमेकांना लागतीलच असे नाही. नळीच्या मागील भागावरची अक्षरे नीट वाचा आणि विक्रेत्याला त्यांचे छायाचित्र पाठवा. जर्मन २७ अमेरिकेत हाय-स्कोअर ८०७ आणि विंचेस्टर ४२७ या नावांनीही विकली गेली, त्यामुळे त्या नावांखाली मिळणारे भाग आपल्याला उपयोगी पडू शकतात.

प्रश्न : माझ्याही जुन्या एअरगनमध्ये पिस्टनचा चामड्याचा वॉशर नवा बसवला. वॉशर चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडून कापून घेतला आणि मशीनच्या तेलात बुडवून घातला. आता पहिल्या काही छर्‍यांना धूर येतो, जळका वास येतो, आवाज मोठा होतो, आणि त्यानंतर जोर एकदम कमी होतो.
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : धूर, वास आणि मोठा आवाज तेलाचा आहे. पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा हवा क्षणभर इतकी तापते की खनिज तेलाची वाफ पेट घेते. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटते, तोच हा प्रकार. पिस्टन ज्यात सरकतो ते नळकांडे रॉकेलने पुसून कोरडे करा. नवा वॉशर चामड्यासाठी मिळणाऱ्या नीट्सफूट तेलात रात्रभर भिजवा आणि घालण्यापूर्वी बाहेरून पुसून घ्या. ग्रीस पिस्टनच्या बाजूंना आणि स्प्रिंगला लावायचे, तेही बोटाने पुसल्यासारखे पातळ. वॉशरच्या पुढे अजिबात नाही.

कमी जोराची कारणे दोन असू शकतात. सपाट कापलेली चकती चालत नाही. वॉशर वाटीसारखा असावा आणि वाटीची कड पुढे, म्हणजे नळीच्या दिशेने असावी, म्हणजे दाबलेली हवाच ती कड नळकांड्याला घट्ट चिकटवते. तो नळकांड्यात अंगठ्याच्या जोराने, थोड्या अडसराने सरकावा. दुसरे कारण नळीच्या सांध्यातील वॉशरचे. बंदूक सुरक्षित दिशेने धरून सांध्यावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी ठेवा आणि एक छर्रा उडवा. पट्टी फडफडली, तर हवा तिथून निसटते आहे. त्या वॉशरखाली पातळ कागदाची चकती घालून तो किंचित उचलला, तरी बहुधा काम होते. रिकामी बंदूक मात्र उडवून पाहू नका. छर्‍याने अडवलेली हवाच पिस्टनला गादीसारखी थांबवते, ती नसेल तर वॉशर नळकांड्याच्या टोकावर आपटतो.

खाडीकाठच्या दमट हवेत बंदूक कापडी किंवा चामडी पिशवीत ठेवू नये, हे दोन्ही पत्रलेखकांना सांगतो. पिशवी ओलावा धरते आणि गंज पुन्हा येतो.

प्रश्न : दुरुस्त केलेली एअरगन तपासण्यासाठी येऊरच्या जंगलात गेले तर चालेल का?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : नाही. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तिथे परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन त्या कायद्यात शस्त्रच ठरते, त्यामुळे एअरगनही त्यात येते. गच्चीवरही नको. नेमबाजी क्लबच्या १० मीटरच्या रेंजवर, तिथल्या प्रशिक्षकाच्या परवानगीने, आधी दुरुस्तीची हकिकत सांगून पहिले दहा छर्रे उडवा, आणि त्या दहाही वेळा छर्रा बसवताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा.