गुरुजींचं नाव घेताना

लेकरा,

रविवारी गावाकडं फोनवर बोलताना मी माझ्या गाण्याच्या गुरुजींचं नाव घेतलं आणि माझा हात कानाच्या पाळीला गेला. तू लगेच विचारलंस, "बाबा, ते तर आता नाहीत ना? मग अजून कान का पकडतोस? आणि फोनवर कुणाला दिसतंय?" तेव्हा गळा दाटून आला होता, म्हणून आता लिहितोय. कुठं अडलास तर आईकडून वाचून घे.

कान पकडणं ही माफी आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत गुरूचं नाव नुसतं उच्चारत नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव माझ्या तोंडी येतंय, माझ्या गाण्यात काही उणं असेल तर तो दोष माझा, त्यांचा नाही, एवढं सगळं त्यात येतं. पंडितांचे शिष्य असोत की उस्तादांचे, सगळे हेच करतात. त्याला कुणी बघायला लागत नाही.

जालना जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव तू पाहिलंयस. गुरुजींच्या घरी पुढच्या खोलीत मिरजेचा तानपुरा असायचा. मी शिकायला गेलो तेव्हा कित्येक महिने त्यांनी मला एकही बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गाणं, दिली नाही. तानपुरा लावायला शिकवला. चार तारा: पहिली पंचमाची म्हणजे प ची, मधली जोडी षड्जाची म्हणजे सा ची, शेवटची खर्जाची म्हणजे खालच्या सा ची. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवरून तार जाते तिथं तिच्याखाली एक बारीक दोरा असतो. तो केसभर इकडं-तिकडं सरकवायचा. एका जागी तार मुकी वाटते, आणि किंचित सरकवला की तीच तार भरून बोलायला लागते, आत दुसरे स्वर ऐकू येतात. त्याला जवारी म्हणतात. गुरुजी डोळे मिटून बसायचे. जवारी खुलली की त्यांची मान हलायची. तोपर्यंत माझा दोरा सरकवणं चालूच. मी घाईघाईनं पुढच्या स्वराकडं निघालो की म्हणायचे, "कुठं पळायलास? सा कुठं चाललाय का? बस त्याच्यापाशी."

फी अशी ठरलेली नव्हती. कुणी पैसे द्यायचं, कुणी सुगीत ज्वारी आणून ठेवायचं, कुणाकडून काहीच यायचं नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना ते मुलं बसवायचे, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. पण निकाल लागल्यावर सांगायचे, "सर्टिफिकेट घरच्यांना दाखवा, गाणं मला दाखवा." आणि गावात सप्ताह लागला की हाच रागदारी गाणारा माणूस टाळकऱ्यांच्या मागच्या रांगेत उभा. पुढं बोलावलं तरी जायचे नाहीत. मराठवाड्यात गाणं मोठ्या सभागृहांपेक्षा अशा माणसांच्या पुढच्या खोल्यांतून टिकलं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुझा खरा प्रश्न: ते नाहीत, मग अजून का?

तू देवगिरीचा किल्ला चढला होतास, अंधारी वाटेत माझा हात धरून. सोळाव्या शतकात तिथं जनार्दनस्वामी किल्लेदार होते. पैठणचे एकनाथ महाराज लहान वयात घर सोडून त्यांच्याकडं आले आणि त्यांचे शिष्य झाले. नाथांनी पुढं अभंग लिहिले, भारुडं लिहिली, आणि शेवटी नाव घातलं ते 'एका जनार्दनी'. एकट्या स्वतःचं नाव घातलं नाही, गुरूचं जोडूनच घातलं. त्यांचं अखेरचं, अपुरं राहिलेलं भावार्थ रामायण उघडलंस तर तिथंही जनार्दन आहेतच. तोवर स्वामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. फाल्गुनात पैठणला नाथषष्ठीला दिंड्या येतात, ती नाथांच्या समाधीची तिथी. परंपरा मानते की जनार्दनस्वामींच्या निर्वाणाचीही तिथी तीच.

त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्यानं 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. गाण्याच्या शास्त्रात आजही त्याच्याशिवाय पान हलत नाही. एवढा अधिकारी माणूस, पण सुरुवातीलाच भरत, मतंग अशी आधीच्या आचार्यांची नावं ओळीनं देतो. हजार वर्षांपूर्वी गेलेल्यांचीसुद्धा. आपल्या भागात ही रीत अशी जुनी आहे.

गुरुजी गेले तेव्हा मी काही दिवस गोडधोड खाल्लं नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं. धर्मशास्त्रात आचार्य गेले तर शिष्यालाही तीन रात्रींचं अशौच, म्हणजे सुतक, सांगितलंय, रक्ताचं नातं नसलं तरी. म्हणून ते.

तेराव्यानंतर त्यांचे शिष्य त्याच खोलीत जमले. एकजण खताचं दुकान चालवतो, एकजण एसटीत कंडक्टर आहे, एकजण शाळेत गाणं शिकवते. भाषण कुणी केलं नाही. ज्यानं-त्यानं गुरुजींनी दिलेली पहिली बंदिश गायली. मीही व्हिडिओ कॉलवर होतो. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळं सगळ्यांना एकत्र गाता येईना. मग एकेकानं आपली पाळी घेतली. मी भूप रागातली गायलो. प्रत्येकानं सुरू करण्याआधी कानाला हात लावला, त्यांनीही आणि मीही.

आणि शेवटी तू विचारलंस की पियानोच्या बाईंचं नाव घेताना तूही कान पकडायचा का. नाही रे, त्यांच्याकडं ही रीत नाही, त्या गोंधळून जातील. पण जूनमध्ये तुमचा कार्यक्रम झाला की लोक येऊन म्हणतील, छान वाजवलंस. तेव्हा किती सराव केलास ते नंतर सांग. आधी बाईंचं नाव सांग, पूर्ण नाव, आणि त्या जवळपास उभ्या असतील तर त्यांच्याकडं बघून सांग.

तुझा,
बाबा