कारण लिहिल्याशिवाय वही मिटू नकोस

प्रिय मित्रा,

रोज रात्री कृतज्ञतेची वही भरूनही मन कोरडेच राहते आणि ‘कुटुंब, आरोग्य, नोकरी’ हे शब्द आता खोटे वाटू लागले आहेत, असे तू लिहितोस. तुझे मन निबर झालेले नाही. त्या शब्दांत ना एखादी घटना आहे, ना माणूस. मग मन भरून यावे तरी कशाने?

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येकीचे कारणही लिहिले. त्यांचे समाधान सरासरीने सहा महिन्यांनंतरही वाढलेले आढळले. लोक त्यातल्या ‘तीन गोष्टी’ तेवढ्या उचलतात आणि कारण गाळतात, याची मला चीड येते, कारण सगळा जीव त्या कारणात आहे.

‘कामावर मदत मिळाली’ असे लिहू नकोस. हिशेब जुळत नव्हता, तेव्हा घरी निघालेली सहकारी खांद्यावरची पिशवीही न उतरवता थांबली आणि चुकलेला आकडा तिने शोधून दिला, असे लिही. आणि ती का थांबली, तेही लिही. तिच्यावर थांबण्याची सक्ती नव्हती, हे कागदावर उतरले की हक्काचे वाटलेले काहीतरी कुणीतरी आपल्याला दिलेले असते, हे उमगते.

आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झाल्याचे मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात दिसले होते, हे मला ठाऊक आहे. तरीही मी रोजचाच आग्रह धरतो. लोक त्याला हट्ट म्हणतात. पण आठवड्याने आठवायला बसलो की माझ्या हातून तपशील निसटतो, कारण निसटते आणि पुन्हा तेच मोघम शब्द उरतात. एखादी रात्र चुकली तर मात्र जिवाला लावून घेऊ नकोस, तेवढ्याने सवय मोडत नाही. तीन गोष्टी सुचल्या नाहीत तर एकच लिही, पण कारणासकट.

आणि कारण म्हणून एखाद्या माणसाचे नाव आले, तर ते त्याला सांग. माझ्या जुन्या वह्यांत अशी काही नावे आहेत, ज्यांना सांगण्याआधीच ती माणसे गेली. आज रात्रीची नोंद लिहिलीस की मला पाठव. त्यात कारण नसेल, तर मी ती परत पाठवीन.

तुझा,
एक ज्येष्ठ स्नेही