‘द लास्ट ऑफ अस’मधला क्लिकर विज्ञानात बसतो का? त्याच्यासमोर स्तब्ध उभं राहिलं तर तो फसेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. 2013 च्या या गेममधला क्लिकर, म्हणजे डोक्यातून बुरशी फुटलेला आणि टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून शिकार शोधणारा तो आंधळा माणूस, खऱ्या विज्ञानाला किती धरून आहे? आणि श्वास रोखून उभं राहिलं तर तो खरंच बाजूने निघून जाईल का? मी पुण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा प्रश्न मुलं वर्गात विचारतात तेव्हा मला फार आनंद होतो, कारण बुरशी, मेंदू आणि आवाज हे तिन्ही विषय त्यात येतात.

बुरशीचं आधी उरकते. गेममधली बुरशी जिच्यावरून सुचली ती ऑफिओकॉर्डिसेप्स युनिलॅटरॅलिस ही बुरशी खरी आहे. थायलंडच्या जंगलातल्या नोंदींनुसार हिची बाधा झालेली मुंगी आपला रोजचा रस्ता सोडते, जमिनीपासून साधारण 25 सेंटिमीटर उंचीवरच्या एखाद्या पानाच्या खालच्या बाजूला जाते, शिरेत जबडा रोवते आणि तिथेच मरते. मग तिच्या मानेतून बुरशीचा दांडा बाहेर येतो. माणसाला ही बाधा होत नाही. बहुतेक बुरशींना आपल्या शरीराचं 37 अंश तापमान सोसत नाही, आणि ही तर मुंगीच्या शरीराला लाखो वर्षांत सरावलेली. काही बुरशी आपल्या अंगात वाढू शकतात, हे 2021 मध्ये म्यूकरच्या रुग्णांच्या रूपाने पुण्याने पाहिलंच आहे. पण तिथे वाढलेली रक्तशर्करा आणि स्टेरॉइड यांनी वाट करून दिली होती, आणि तो आजार एकाकडून दुसऱ्याला होत नव्हता. गेममधलं चावून पसरणं ही रेबीजची रीत आहे, बुरशीची नव्हे. बुरशींची आवड असेल तर हेही सांगते, की गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. आपल्या गावात एवढं काम चालतं हे फार थोड्यांना माहीत असतं.

मला खरी गंमत वाटते ती मेंदूची. ‘बुरशीने मेंदू खाल्ला म्हणून तो राक्षस झाला’ असं सगळे म्हणतात. 2017 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बाधित मुंग्यांचे अतिसूक्ष्म काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बुरशीच्या पेशी डोक्यापासून पायांपर्यंत सगळीकडे पसरलेल्या होत्या, आणि स्नायूंच्या धाग्यांभोवती त्यांनी घोसाळ्याच्या वाळक्या जाळीसारखं जाळं विणलं होतं. मेंदूत मात्र त्या शिरलेल्या नव्हत्या. बाहेरून रसायनं सोडून मेंदूवर परिणाम होत असणार, पण मेंदू शाबूत होता.

क्लिकरलाही मेंदू शाबूत लागतोच, कारण नुसतं टकटक करून काही दिसत नाही. अमेरिकेतले डॅनियल किश यांचे डोळे कर्करोगामुळे 13 महिन्यांचे होईपर्यंत गेले. ते जिभेने टकटक आवाज काढतात, प्रतिध्वनी ऐकतात आणि त्यावर सायकलसुद्धा चालवतात. 2011 मध्ये असं करणाऱ्या दोन अंध व्यक्तींना स्कॅनरमध्ये त्यांच्याच टकटकीची ध्वनिमुद्रणं ऐकवली गेली. प्रतिध्वनी असलेला आवाज ऐकताना त्यांच्या मेंदूचा मागचा भाग, जो डोळस माणसात दृष्टीसाठी राबतो, तो कामाला लागला. तोच आवाज प्रतिध्वनी काढून ऐकवला तेव्हा तसं झालं नाही. क्लिकरचा चेहरा पुढून फुटलेला दाखवलाय. डोक्याची मागची बाजू धड असेल तरच त्याची ही शिकार जमेल.

तुम्ही स्वतः करून बघा. रिकाम्या खोलीत डोळे मिटून बसा, जीभ टाळूला लावून टक् टक् करत राहा आणि घरातल्या कुणाला तरी पितळी परात हळूच चेहऱ्यासमोर, वीतभर अंतरावर धरायला सांगा. परात आली की आवाजाचा पोत बदलतो. काही दिवस सराव केला की परात आहे की नाही हे बऱ्याच जणांना न बघता सांगता येतं.

आता लपण्याचं. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे तीन मीटरवर उभ्या असलेल्या तुमच्या अंगावर आपटून तो 17-18 मिलिसेकंदांत क्लिकरच्या कानाशी परत येतो. तुम्ही हलताय की थिजलाय याने प्रतिध्वनीला काही फरक पडत नाही. रिकाम्या पार्किंगच्या मधोमध तुम्ही पुतळ्यासारखे उभे राहिलात तरी सापडणार. गेममध्ये हळू चाललं की बहुतेक वेळा सुटका होते, ती खेळणाऱ्याला दिलेली सवलत आहे.

पण क्लिकरची ही आवाजाची ‘नजर’ अंधुक असते. जिभेच्या टकटकीची वारंवारता साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झ असते. 3 किलोहर्ट्झला ध्वनिलहरीची लांबी जवळपास 11 सेंटिमीटर भरते. त्याहून फार बारीक तपशील त्याला कळणार नाही. रस्त्यावरच्या दिव्याभोवती किडे टिपणारी छोटी वटवाघळं 50 किलोहर्ट्झच्या आसपास आवाज काढतात तेव्हा लहर 7 मिलिमीटरची होते, म्हणून त्यांना डाससुद्धा सापडतो. (झाडाला लटकणारी मोठी फलाहारी वटवाघळं हे करत नाहीत, ती डोळ्यांनी बघतात.) तेव्हा मोकळ्यात थिजण्यापेक्षा खांबामागे जा, किंवा कपाटं-खुर्च्यांच्या गर्दीत अंग आक्रसून बसा. तिथे तुमचा प्रतिध्वनी बाकीच्यांत मिसळून जाईल.

आणि सगळ्यात भक्कम आडोसा म्हणजे गोंगाट. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशाची पथकं वाजत असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे क्लिकरला स्वतःच्या टकटकीचा क्षीण प्रतिध्वनी वेगळा काढताच येणार नाही. गेममध्ये जनरेटर सुरू केला की बाधित धावून येतात आणि खेळणारा घाबरून लांब पळतो. विज्ञानाच्या हिशेबाने क्लिकरपुरतं तरी जनरेटरला खेटून बसणं जास्त बरं.