मुकादमाची वही परदेशी करारात चालेल का?

प्रश्न : ताई, मी केज तालुक्यातली. अंबाजोगाईला राहून एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला शिकते. आईवडील दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या टोळीतून ऊस तोडायला, कोयत्यावर जातात, परतायला उन्हाळा लागतो. सरांनी वर्गात सांगितलं, की व्यापार करारातल्या कामगारांच्या अटी मोडल्या म्हणून दुसऱ्या देशाला जाब विचारणारे सरकारी वकील अमेरिकेत असतात. साखर तर आपलीही बाहेर जाते. असा वकील आमच्यासाठी भांडेल का? आणि मला तसलं काम मिळेल का?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : भांडणार नाही. काम मिळेल, पण वळसा घालून.

असे वकील आहेत, हे खरं. वॉशिंग्टनमध्ये व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयात आणि कामगार खात्याच्या आंतरराष्ट्रीय विभागात ते बसतात. पण त्यांचं अशील कामगार नसतो, सरकार असतं. तक्रार कामगाराची, दावा सरकारचा. कुठली तक्रार उचलायची न् कुठली फायलीत ठेवायची, ते सरकार ठरवतं. मी छत्रपती संभाजीनगरच्या कामगार न्यायालयात हयात घालवली. माझ्याकडं वाळूजच्या कारखान्यातला माणूस आला तर वकीलपत्रावर सही त्याची असते. हा फरक आधी डोक्यात पक्का कर.

मग ग्वाटेमालाचं प्रकरण वाच. या देशाचा अमेरिकेशी व्यापार करार आहे. तिथल्या आणि अमेरिकेतल्या कामगार संघटनांनी २००८ मध्ये तक्रार केली, अमेरिकी सरकारनं त्यावरून ग्वाटेमालावर दावा लावला आणि निकाल लागला २०१७ मध्ये. (आपण आपल्याच कोर्टांना उगाच नावं ठेवतो.) आठ ठिकाणच्या ७४ कामगारांच्या बाबतीत ग्वाटेमाला सरकारनं कोर्टाचे हुकूम अंमलात आणले नाहीत, हे लवादानं मान्य केलं. तरी अमेरिका हरली! करारात अट अशी, की कसूर वारंवार झालेली हवी आणि तिचा परिणाम दोन देशांमधल्या व्यापारावर झालेला हवा. तो परिणाम एकाच ठिकाणी सिद्ध झाला, आणि एकदा म्हणजे वारंवार नव्हे.

त्यात साक्षींचं दुखणं वेगळंच. सूड उगवतील या धास्तीनं कामगारांची नावं झाकून जबाब दिले होते, ग्वाटेमालानं त्यावरच हरकत घेतली. मला याचं नवल वाटलं नाही. माझ्या ऑफिसात एका गड्यानं ओव्हरटाइम, पीएफ, सगळं बयाजवार सांगितलं. प्रतिज्ञापत्र टाइप झालं, सहीला पेन दिलं, तर म्हणाला, "मॅडम, कंपनीला माझं नाव कळंल का?" कळणारच, प्रत समोरच्या वकिलाला द्यावीच लागते. त्यानं पेनाला टोपण लावलं, टेबलावर ठेवलं आणि गेला. कलमं कुणीही पाठ करतं गं, या पेशाची खरी मेहनत इथं आहे.

अमेरिकेनं त्या निकालातून धडा घेतला. मेक्सिको आणि कॅनडाशी झालेला नवा करार १ जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात भार उलटवला : व्यापारावर परिणाम झाला असंच धरायचं, झाला नसेल तर समोरच्या देशानं दाखवायचं. शिवाय अख्ख्या देशाला सोडून एकाच कारखान्यावर बोट ठेवायची सोय केली. मेक्सिकोतल्या सिलाओच्या जनरल मोटर्स कारखान्यात २०२१ मध्ये जुन्या संघटनेनं कंपनीशी केलेल्या करारावरच्या मतदानातल्या मतपत्रिका नष्ट केल्या गेल्या, त्यावर अमेरिकेनं ही तरतूद वापरली. ऑगस्टमध्ये फेरमतदान झालं, कामगारांनी जुन्या संघटनेचा तो करार फेटाळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतंत्र संघटना निवडून आणली. पण ही तरतूद संघटना बांधण्याच्या आणि सामूहिक वाटाघाटीच्या हक्कापुरतीच आहे. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) न् खाडा (गैरहजेरीची कपात) त्यात बसत नाही, आणि आपला देशही त्या करारात नाही.

आपण ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी करार केला. त्या करारात कामगारांविषयी वेगळं प्रकरण आहे, पण तंटा सोडवण्याच्या तरतुदी त्याला लागू नाहीत. सरकारं आपसात बोलतील, दावा कुणी लावणार नाही. मला हे पटत नाही. नुसतीच बोलणी करायची, तर अट घातली कशाला?

तुझ्या कामाचं म्हणशील तर दिल्लीत वाणिज्य मंत्रालयानं सेंटर फॉर ट्रेड अँड इन्व्हेस्टमेंट लॉ उभं केलंय, तिथं अशा करारांवर काम करायला वकील घेतात. एमपीएससीतून सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारीही होता येतं. माझं ऐकशील तर आधी हे कर. हजेरीपट कसा खोटा भरतात, हे न पाहिलेला माणूस दिल्लीत बसून करार वाचेल, पण त्याला त्यातली फट दिसायची नाही.

आईवडिलांचं मात्र परदेशात काही नाही, जे आहे ते बीडला आहे. उचल फिटली नाही म्हणून अडकवून ठेवलं, दुसरीकडं कामाला जाऊ दिलं नाही, तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा लागतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं करायचा. त्याआधी मुकादमाची वही नजरेखालून घाल. उचल कधी, किती. खाड्याचे किती कापले. आणि आईचं नाव कुठं आहे का. नवराबायको मिळून एक कोयता आणि वहीत नाव एकट्या नवऱ्याचं, असंच बहुतेक सापडेल. गाडीच्या वजनाची पावती हाती लागली तर जपून ठेव. घाम कुठल्या कारखान्यासाठी गाळला, ते त्या कागदावरून जोडता येतं. फक्त वहीचा फोटो वडिलांना विचारल्याशिवाय काढू नकोस. पुढच्या हंगामाची उचल त्यांना त्याच मुकादमाकडून घ्यायची असेल.