सीए-१२५ उतरतंय, तर बीआरसीए-एचआरडी तपासणी करायची का?

तुम्ही विचारलंय ते असं: आईला ओव्हरीचा कॅन्सर आहे, हाय ग्रेड सिरस (वेगाने वाढणारा प्रकार), स्टेज ३सी. सीए-१२५ (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन) सुरुवातीला १८५० होतं, दोन केमोनंतर ६४० आलं. औषध लागू पडतंय असं समजायचं का? आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली बीआरसीए-एचआरडी तपासणी (कॅन्सरच्या पेशीची डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा मोडली आहे का, ते बघणारी) महाग आहे, ती करायची का?

मी डॉक्टर नाही. कर्वे रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन आहे. बायोप्सीचे तुकडे मेणात बसवून ब्लॉक करायचे, त्यांचे काप काढायचे, हे काम २२ वर्षं करतेय. माझी मावशी याच आजारातून गेली, तेव्हा फाइल घेऊन ओपीडीच्या बाहेर बसण्याचा अनुभवही आहे. उपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच. ब्लॉकबद्दल मात्र मी ठामपणे बोलू शकते.

आकडा उतरतोय हे चांगलंच आहे. पण एकट्या आकड्यावर जीव टांगू नका. सीए-१२५ साधारण ३५ च्या आत हवं, मात्र पोटाचा टीबी, एंडोमेट्रिओसिस, लिव्हरचे आजार यांतही ते वाढतं, आणि ऑपरेशननंतर काही दिवस आपोआप चढतं. खरी माहिती मिळते ती ते किती वेगाने उतरतं यातून. फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी यासाठी केलिम नावाचा हिशोब बसवला आहे. केमो सुरू झाल्यापासून पहिल्या १०० दिवसांतले किमान तीन आकडे आणि त्यांच्या तारखा त्यात घालायच्या. उत्तर १ किंवा त्याहून जास्त आलं, तर केमोला प्रतिसाद चांगला असण्याची शक्यता अधिक. दुसऱ्या केमोआधीचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही, तो फाइलमध्ये शोधा. तिन्ही आकडे तारखांसकट डॉक्टरांसमोर ठेवा आणि केलिमबद्दल सरळ विचारा. एक विनंती: दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्या. एकदा कोथरूडला घराजवळ, एकदा हडपसरला बहिणीकडे, असं केलं की किट बदलतं, आकडा बदलतो आणि तुलनेला अर्थ राहत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझं मत आहे, करा. केमोतलं कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनम गटातलं औषध कॅन्सरच्या पेशीचा डीएनए बिघडवतं. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुकं तो दुरुस्त करायला मदत करतात. ट्यूमरमध्ये ही दुरुस्तीच बंद पडली असेल तर पेशी टिकत नाही, म्हणून अशा रुग्णांत प्लॅटिनम सहसा चांगलं काम करतं आणि नंतरच्या ओलापरिब, निरापरिब या गोळ्यांचाही जास्त फायदा होतो. सोलो-१ या अभ्यासात बीआरसीएत बिघाड असलेल्या आणि केमोला प्रतिसाद दिलेल्या बायकांना ओलापरिब दोन वर्षांपर्यंत दिलं होतं. सात वर्षांनी त्यांच्यातल्या ६७ टक्के जिवंत होत्या, गोळी न मिळालेल्या गटातल्या सुमारे ४७ टक्के.

खर्चाचं म्हणाल, तर डॉक्टरांना विचारा की आधी रक्तातून बीआरसीए केलं तर चालेल का. तिथेच बिघाड सापडला तर एचआरडीचा मोठा खर्च बहुधा वाचतो. नाही सापडला, तर ट्यूमरची तपासणी हवीच, कारण बीआरसीए ठीक असूनही दुरुस्तीची यंत्रणा मोडलेली असू शकते. हाय ग्रेड सिरसमध्ये जवळपास निम्म्या ट्यूमरमध्ये ती मोडलेली असते. रक्तात बिघाड निघाला तर तो तुमच्यात आणि तुमच्या भावंडांत असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के. भाऊही त्यात आले. रक्त देण्याआधीच जेनेटिक कौन्सेलरशी बोलून घ्या. रिपोर्ट हातात पडल्यावर घरात जो गोंधळ उडतो, तो मी मावशीच्या वेळी पाहिलाय.

ही तपासणी अडते ती ब्लॉकपाशी. तीन केमोनंतर ऑपरेशन झालं आणि औषधाने छान काम केलं असेल, तर काढलेल्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी इतक्या थोड्या उरतात की तपासणी फेल होते. म्हणून केमोच्या आधीची पहिली बायोप्सी सोन्यासारखी जपायची. पोटातल्या पाण्यावरूनच निदान झालं असेल, तर त्याचा सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशी गोळा करून मेणात बसवलेला ब्लॉक) केला होता का ते विचारा. दुसरी अडचण फॉर्मेलिनची, म्हणजे तुकडा खराब होऊ नये म्हणून ज्या द्रवात ठेवतात त्याची. तुकडा त्यात ६ ते ७२ तास राहावा असं आम्ही धरतो. एका वर्षी विसर्जनाच्या सुमाराला रस्ते बंद, पुढे रविवार, आणि एका हॉस्पिटलमधून निघालेली बायोप्सी आमच्याकडे पाचव्या दिवशी पोचली. स्लाइडवर निदान झालं, पण डीएनए इतका तुटलेला की पुढची तपासणी होऊ शकली नाही. त्या बाईंची मुलगी काउंटरवर उभी होती, तिला काय सांगावं मला सुचेना.

सगळा ब्लॉक एकाच तपासणीत संपवू देऊ नका. पुढे कधी आजार परतला आणि प्लॅटिनम चाललं नाही, तर फोलेट रिसेप्टर अल्फा हे पेशीवरचं प्रथिन बघायला तोच लागू शकतो. त्यावर चालणारं मिर्व्हेटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालंय.

उद्याच जिथे बायोप्सी झाली तिथे जा, बायोप्सी नंबर सांगा आणि ब्लॉकसाठी लेखी अर्ज द्या. स्लाइड नको, ब्लॉकच मागा. मिळाला की पावतीवरचा नंबर त्याच्यावरच्या नंबराशी ताडून बघा. आणि उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत ठेवून दुसरीकडे कामाला जाऊ नका, मेण मऊ पडतं. पिशवीत घालून थेट लॅबमध्ये पोचवा.